सगळ्यांना शिकता येईल असं शिकवायचं तर: सहकारी प्राध्यापकांना मदत कशी करायची

कॉलेजमधे सर्वसमावेशक शिकवण्याची जबाबदारी कुणावर तरी येते आणि पहिलं काय होतं तर हॉल बुक होतो, दोन तासांचं व्याख्यान ठेवलं जातं, सगळे माना डोलावतात, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात जे चालू होतं तेच पुढे चालू राहतं. ही जबाबदारी तुमच्याकडे आली असेल, किंवा कुणी दिली नसेल पण तुम्हालाच मनापासून वाटत असेल की आपल्या डिपार्टमेंटमधे हे व्हायला पाहिजे, तर कळकळीने सांगते, व्याख्यानाने सुरुवात करू नका. एक सहकारी, त्यांचा एक विषय, आणि त्या विषयातली एक फाईल. एवढंच घेऊन त्यांच्याशेजारी खुर्ची ओढून बसा.

आणि बसताना डोक्यात एकच प्रश्न ठेवा: या विषयात शिकण्यासाठी कुणाला काय मागावं लागतंय? कारण मागणं सगळ्यांना सारखं जमत नाही. ज्याच्या घरात आधी कुणी कॉलेजला गेलंय त्याला माहीत असतं की सरांना भेटून मुदत वाढवून घेता येते, नोट्स मागता येतात, मार्क परत तपासून घेता येतात. ज्याच्या घरातलं हे पहिलंच पाऊल आहे त्याला असं काही विचारता येतं हेच ठाऊक नसतं, तो गप्प बसतो आणि आपण समजतो की याला इंटरेस्ट नाही. अपंगत्वाचंही तेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यानुसार जगात १३० कोटी लोकांना, म्हणजे साधारण १६ टक्क्यांना, लक्षणीय स्वरूपाचं अपंगत्व आहे, आणि त्यातलं बरंचसं बघून कळत नाही. कमी ऐकू येणं, डिस्लेक्सिया (वाचायला-लिहायला अवघड जाणं), एडीएचडी (लक्ष टिकवायला जड जाणं), नैराश्य, सततचं दुखणं, यातलं काहीच चेहऱ्यावर लिहिलेलं नसतं, आणि कित्येक विद्यार्थी ते कॉलेजला सांगतही नाहीत. म्हणून "माझ्या वर्गात तसं कुणी नाही" असं कुणी म्हणालं तर वाद घालू नका, फक्त विचारा की असतं तर तुम्हाला कळलं असतं का, आणि कसं.

आधी फाईल उघडा

सुरुवात फाईलपासून का, तर फाईल हातात धरता येते, त्यावर मतभेद कमी होतात आणि बदल तासाभरात दिसतो. सहकाऱ्यांना सांगा, मॅडम, तुम्ही विद्यार्थ्यांना देता ती कुठलीही एक पीडीएफ उघडा, आणि त्यातल्या एका ओळीवरून माऊस ओढून ती सिलेक्ट करून बघा. शब्द सिलेक्ट होत नसतील, अख्खं पान एका चित्रासारखं निळं होत असेल तर तो नुसता स्कॅन आहे, म्हणजे पानांचे फोटो. आपल्या डोळ्यांना अक्षरं दिसतात पण कॉम्प्युटरच्या दृष्टीने तिथे अक्षर नाहीच.

मग स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, लावा. विंडोजवर एनव्हीडीए नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते २००६ मधे मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने लिहायला घेतलं आणि पुढे जेम्स टेह हा त्याचा अंध मित्र त्याला येऊन मिळाला, आज जगभर अंध लोक ते वापरतात. इन्स्टॉल करायचं नसेल तर फोनमधे आधीच सोय असते, अँड्रॉइडला टॉकबॅक आणि आयफोनला व्हॉईसओव्हर. ते चालू करून सहकाऱ्यांच्याच फाईलवर न्या आणि काही बोलू नका, त्यांना ऐकू द्या. स्कॅन केलेली फाईल असेल तर वाचण्यासारखं काही निघतच नाही. वीस पानांच्या नोट्स आणि त्यातला एक शब्दही नाही. माझा अनुभव असा आहे की ही दोन मिनिटं झाली की पुढचं समजावून सांगायला लागत नाही, माणूस स्वतःच विचारतो, मग आता काय करायचं.

करायचं असं: मूळ वर्ड फाईल असेल तर तीच द्या, ती सगळ्यात बरी. नसेल तर ओसीआर, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर बनवणं, करून घ्या आणि नंतर एकदा डोळ्याखालून घाला, कारण ओसीआर जुन्या, फिकट पानांवर आणि जोडाक्षरांवर चुका करतं. देवनागरीत नोट्स असतील तर आणखी एक गोष्ट तपासा, आणि ही आपल्याकडे फारच महत्त्वाची आहे. पुष्कळ जुन्या फाईल युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला कॉम्प्युटरमधे ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, रुळायच्या आधीच्या फॉन्टमधे टाईप केलेल्या असतात. दिसायला मराठी, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. एक परिच्छेद कॉपी करून मेसेजमधे पेस्ट करा, अगम्य काहीतरी उमटलं तर समजा की स्क्रीन रीडरही तेच अगम्य वाचणार, आणि फोनवर वाचणाऱ्याला किंवा फाईलमधे शब्द शोधणाऱ्यालाही त्याचा उपयोग शून्य. हे युनिकोडमधे बदलायचे कन्व्हर्टर मिळतात, बदलल्यावर ऱ्ह, र्‍य, क्ष अशा जागा तेवढ्या तपासाव्या लागतात.

पुढची गोष्ट हेडिंगची. आपण काय करतो, ओळ सिलेक्ट करतो, बोल्ड करतो, साईझ वाढवतो, झालं हेडिंग. डोळ्यांना ते हेडिंग वाटतं, स्क्रीन रीडरला ती साधी ओळच राहते. वर्डमधल्या हेडिंग स्टाईल वापरल्या की अंध विद्यार्थ्याला एका बटणावर या हेडिंगवरून त्या हेडिंगवर उडी मारता येते, नाहीतर तिसरा मुद्दा गाठायला त्याला पहिल्यापासून सगळं ऐकावं लागतं. याचा फायदा इतरांनाही लगेच होतो, फाईलची अनुक्रमणिका आपोआप तयार होते, फोनवर वाचणाऱ्याला हवं ते पटकन सापडतं. वर्ड आणि पॉवरपॉईंट दोन्हीत रिव्ह्यू टॅबमधे चेक ॲक्सेसिबिलिटी म्हणून बटण आहे, ते दाबायची सवय लावली की अर्ध्या चुका तेच दाखवतं.

चित्राला जोडलेलं, स्क्रीन रीडर वाचून दाखवतो ते वर्णन, म्हणजे अल्ट टेक्स्ट, हे मात्र मशीनवर सोडू नका. इथे प्राध्यापकच लागतो, कारण ते चित्र तिथे कशासाठी आहे हे त्यालाच माहीत असतं. समजा रसायनशास्त्राच्या स्लाईडवर विद्राव्यतेचा आलेख आहे. वर्णन म्हणून "आलेख" असं लिहिलं तर काहीच सांगितलं नाही, आणि "आडव्या अक्षावर तापमान, उभ्या अक्षावर विद्राव्यता, दोन रेघा" एवढंच लिहिलं तरी मुद्दा हुकलाच. त्याऐवजी असं लिहा: "तापमान वाढत जातं तशी पोटॅशियम नायट्रेटची पाण्यातली विद्राव्यता झपाट्याने वाढते, साध्या मिठाची मात्र जवळजवळ तेवढीच राहते." आता न बघता शिकणाऱ्याला तेच कळलं जे बघणाऱ्याला कळायला हवं होतं. आणि गंमत बघा, हे वाक्य लिहायला बसलं की कधीकधी सहकाऱ्यांच्याच लक्षात येतं की या स्लाईडवरच्या चार चित्रांपैकी दोन नुसतीच सजावट आहेत, ती सजावट म्हणून मार्क करून टाकायची किंवा काढायची.

रंगांबद्दल थोडक्यात. वेब सुलभतेचे जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, डब्ल्यूसीएजी, त्यातली मधली पातळी म्हणते की साध्या अक्षरांचा आणि मागच्या रंगाचा कॉन्ट्रास्ट कमीत कमी ४.५ ला १ हवा, मोठ्या अक्षरांना ३ ला १ चालतो. हे मोजायची फुकट टूल्स आहेत. पांढऱ्यावर पिवळं, फिकट राखाडीवर पांढरं हे मागच्या बाकावरून कुणालाच दिसत नाही. आणि "लाल रेघ बघा, हिरवी सोडा" असं एकट्या रंगावर काही सोडू नका. लाल-हिरवा फरक न दिसणं मुलींपेक्षा मुलग्यांमधे बरंच जास्त आढळतं कारण त्याची जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात आणि मुलग्यांकडे ते एकच असतं. रेघ तुटक करा, टिंबांची करा, रेघेशेजारी नाव लिहा.

गणिताची समीकरणं फोटो म्हणून चिकटवू नका, वर्डच्या इक्वेशन एडिटरमधे किंवा लेटेक्स या समीकरणं टाईप करायच्या सॉफ्टवेअरमधे लिहा, म्हणजे ती वाचून दाखवता येईल अशा रूपात देता येतात. व्हिडिओला कॅप्शन हवंच, आपोआप तयार होणारं चालेल पण विषयातले शब्द ते हमखास चुकवतं, निदान तेवढे दुरुस्त करा.

इथे सहकारी हमखास म्हणतील की माझ्याकडे दहा वर्षांच्या फायली आहेत, हे सगळं कधी करू. तेव्हा स्पष्ट सांगा की जुनं सगळं दुरुस्त करायला कुणी सांगत नाहीये. आजपासून जी नवी फाईल होईल ती नीट करा, आणि जुन्यातलं ज्या आठवड्यात शिकवायचं असेल तेवढंच त्या आठवड्यात हातात घ्या. स्क्रीन रीडर वापरणारा विद्यार्थी प्रवेश घेतोय असं कळलं तर मात्र थांबू नका, त्याचं सगळं साहित्य आधी, टर्म सुरू व्हायच्या आत.

मग वर्गात जाऊन बसा

परवानगी घेऊन, आधी सांगून, आणि हे मूल्यमापन नाही, याचा कागद कुठेही जाणार नाही असं कबूल करून मागच्या बाकावर बसा. हातात बाकांचा नकाशा काढलेला एक कागद ठेवा आणि कुणी बोललं की त्या जागी एक टिक. बाकी काही नको, शेरे नको, मार्क नको. तास संपल्यावर तो कागद सहकाऱ्यांच्या हातात द्या आणि त्यांनाच बोलू द्या. साठ जणांच्या वर्गात सगळ्या टिका पुढच्या दोन रांगांत, त्यातही त्याच चार जणांच्या नावावर पडलेल्या दिसतात तेव्हा "माझा वर्ग खूप इंटरॅक्टिव्ह असतो" हे वाक्य माणूस स्वतःच मागे घेतो.

यावर पहिला उपाय अगदी साधा आहे, प्रश्न विचारून थांबणं. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षणसंशोधक बाईंनी १९७० च्या आसपास वर्गातल्या संवादाच्या टेप ऐकून दाखवलं की शिक्षक प्रश्न विचारून सरासरी सेकंदभर थांबतात आणि मग स्वतःच उत्तर देतात किंवा दुसऱ्याकडे वळतात. हीच थांबायची वेळ तीन सेकंदांच्या पुढे नेली तर उत्तरं लांब होतात, जास्त मुलं बोलतात, "माहीत नाही" कमी होतं. तीन सेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटतं पण वर्गासमोर उभं राहून ते काढणं जड जातं, म्हणून सहकाऱ्यांना सांगा की मनात आकडे मोजा. ज्याला शिकवण्याची भाषा घरची नाही तो प्रश्न ऐकतो, आपल्या भाषेत समजून घेतो, उत्तर जुळवतो, परत त्या भाषेत आणतो, आणि तोवर वर्ग पुढे गेलेला असतो. त्याला उत्तर येत होतं.

थांबण्याच्याही पुढे जायचं तर आधी लिहू द्या. प्रश्न बोर्डावर लिहा, मिनिटभर सगळ्यांनी वहीत उत्तर लिहायचं, मग शेजाऱ्याशी दोन मिनिटं बोलायचं, मग वर्गात सांगायचं. थिंक पेअर शेअर म्हणून हे सगळीकडे माहीत आहे, पण घाईत नेमकं लिहिण्याचं मिनिट गाळलं जातं आणि तेच तर बुजऱ्या मुलांसाठी असतं. लाजाळू, अडखळत बोलणाऱ्या, किंवा चारचौघांत घाम फुटणाऱ्या मुलांना अचानक उभं करून विचारू नका, आधी जोडीत बोलून झालं की "तुमच्या जोडीचं काय ठरलं" असं विचारा, मग उत्तर चुकलं तरी ते एकट्याचं नसतं.

हे सगळं केल्याने खरंच काही होतं का असं विचारणारे सहकारी भेटतील आणि त्यांचं विचारणं बरोबरच आहे. त्यांना दोन अभ्यास सांगा. २०१४ मधे स्कॉट फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विज्ञान, इंजिनीअरिंग आणि गणिताच्या पदवी वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र तपासले. नुसत्या लेक्चरच्या वर्गांमधे नापास होण्याचं सरासरी प्रमाण ३३.८ टक्के होतं, आणि जिथे विद्यार्थ्यांना वर्गातच काहीतरी करायला लावलं जात होतं तिथे २१.८ टक्के. दुसरा २०२० चा, एली थिओबाल्ड आणि इतरांचा. त्यात दिसलं की अशा शिकवण्यामुळे अल्पप्रतिनिधित्व असलेल्या, म्हणजे या विषयांत फार थोडे दिसणाऱ्या गटांतल्या, आणि कमी उत्पन्नाच्या घरांतल्या विद्यार्थ्यांची इतरांशी असलेली दरी परीक्षेच्या गुणांमधे ३३ टक्क्यांनी आणि पास होण्यात ४५ टक्क्यांनी कमी झाली. पण त्यातली अट सांगायला विसरू नका, दरी कमी झाली ती तासाचा मोठा भाग अशा कामाला देणाऱ्या वर्गांमधेच. तासात एकदा पाच मिनिटं जोडीत बोलायला लावून हा परिणाम मिळणार नाही.

बोलण्याच्या सवयींकडेही लक्ष द्या. बोर्डाकडे तोंड करून बोललं की ओठ वाचणाऱ्याचा तास तिथेच संपतो. "हे इथे घातलं की हे असं येतं" या वाक्यातून न बघणाऱ्याला काहीच मिळत नाही, "दोन्ही बाजूंना एक्सने भागलं की डावीकडे वाय उरतो" असं म्हणायला दोनच सेकंद जास्त लागतात, आणि फोनवर रेकॉर्डिंग ऐकणाऱ्यालाही तेच उपयोगी पडतं. माईक असेल तर वापरा. "माझा आवाज मोठा आहे, नको" असं म्हणून तो बाजूला ठेवला की ज्याला नीट ऐकू येत नाही त्याला सगळ्यांसमोर हात वर करून सांगावं लागतं, आणि तो सांगत नाही. पुढच्या बाकावरून कुणी प्रश्न विचारला तर उत्तराआधी तो प्रश्न मोठ्याने परत म्हणा.

नावं. हजेरी घेताना अडखळणारं नाव गाळून "हां, तू" म्हणणं बंद व्हायला हवं. एकदा विचारून घ्या, उच्चार लिहून ठेवा.

न सांगितलेले नियम सांगा

मला विचाराल तर सगळ्यात जास्त अन्याय इथे होतो आणि तो कुणी मुद्दाम करत नाही. प्राध्यापकांना आपल्या विषयातल्या रीती इतक्या अंगवळणी पडलेल्या असतात की त्या सांगायच्या असतात हेच सुचत नाही. चिकित्सा करा म्हणजे नक्की काय करायचं? संदर्भ किती? स्वतःचं मत चालतं का? ज्याला आधीच माहीत आहे त्याला मार्क मिळतात, आणि ते मार्क हुशारीचे आहेत असं सगळे समजतात.

सहकाऱ्यांची एक असाईनमेंट घ्या. इतिहासाची घेऊ. "औद्योगिक क्रांतीच्या सामाजिक परिणामांची चिकित्सा करा. १५०० शब्द." आता शेजारी बसून विचारा, सर, हे तुम्ही का करायला देता, विद्यार्थ्याने पहिल्या दिवशी बसून नक्की काय करायचं, आणि चांगलं उत्तर तुम्ही कशावरून ओळखता. ते जे तोंडी सांगतील तेच लिहून घ्या, कारण ते उत्तमच असतं, फक्त कागदावर आलेलं नसतं. शेवटी साधारण असं काहीतरी तयार होतं: "एकाच घटनेचा वेगवेगळ्या लोकांवर वेगळा परिणाम कसा होतो हे पुराव्यावरून मांडता यावं म्हणून हे लिखाण आहे. गिरणी कामगार, लहान मुलं, जमीनदार, घरून विणकाम करणारे, यातले कुठलेही दोन गट निवडा. दिलेल्या वाचनातले निदान तीन पुरावे वापरा. कुणाचं काय बदललं ते सांगा आणि दोघांचं वेगळं का बदललं याचं तुमचं मत कारणांसह द्या. नुसती घटनांची यादी दिलीत तर अर्ध्याहून कमी मार्क मिळतील, कारणमीमांसेला सगळ्यात जास्त मार्क आहेत." सोबत आधीच्या वर्षीचं एक चांगलं आणि एक मध्यम उत्तर, नाव काढून आणि लिहिणाऱ्याची परवानगी घेऊन, वर्गात दहा मिनिटं वाचून दाखवा आणि मुलांनाच मार्क द्यायला लावा.

उद्देश, काम आणि निकष या तीन गोष्टी स्पष्ट सांगायच्या ही पद्धत मेरी-ॲन विंकेलमस यांनी टिल्ट या नावाने मांडली आणि ती पसरली ती बहुतेक याचमुळे, की शिकवण्याची पद्धत बदलावी लागत नाही, एक पान परत लिहावं लागतं.

भेटायच्या वेळेचंही असंच. केबिनच्या दारावर "भेटण्याची वेळ ३ ते ४" लिहिलेलं असतं आणि मुलांना वाटतं ते तक्रारीसाठी आहे किंवा टॉपर्ससाठी. वर्गात सांगा की अर्धवट सोडवलेलं गणित घेऊन या, काय अडलंय तेही कळत नसेल तरी या, दोघं-तिघं मिळून या. ज्यांना त्या वेळी काम किंवा लांबचा प्रवास असतो त्यांच्यासाठी आठवड्यातून एकदा फोनवर किंवा ऑनलाईन वेळ ठेवा.

परीक्षा आणि मुदती

इथे आवाज चढतात, म्हणून तयारीने जा. "सवलती दिल्या की लेव्हल खाली येते" हे ऐकावं लागेलच. त्यावर एकच विचारायचं: या पेपरात तुम्हाला काय मोजायचंय? विषय समजलाय का हे मोजायचं असेल तर लिहिण्याचा वेग मधे कशाला आला? वेग हाच त्या कौशल्याचा भाग असेल, तातडीच्या उपचारात असतो तसा, तर तो जरूर मोजा आणि तसं आधी सांगा. नाहीतर पेपर लहान करा. पेपर काढणाऱ्याने तो स्वतः सोडवून बघावा आणि विद्यार्थ्यांना त्याच्या निदान तिप्पट वेळ मिळतोय का ते बघावं. पेपर मुळातच निवांत असला तर जादा वेळ मागावा लागणाऱ्यांची संख्याच कमी होते. अवघड प्रश्न तसेच राहू द्या, त्यात काही कमी करायची गरज नाही.

एकाच मोठ्या पेपरवर सगळं ठेवण्यापेक्षा छोट्या चाचण्या जास्त घ्या आणि सगळ्यात कमी मार्कांची एक सोडून द्या. मग आजारपण, घरातली अडचण, चुकलेली गाडी यासाठी कुणाला काही सिद्ध करत बसावं लागत नाही. मुदतींनाही तेच लावा, टर्मच्या सुरुवातीला प्रत्येकाला दोन वेळा तीन दिवसांची सूट, कारण विचारणार नाही, फक्त मेसेज करून कळवायचं. कारण आणि सर्टिफिकेट मागितलं की ज्याला डॉक्टरकडे जाणं परवडतं आणि ज्याला बोलायला जमतं त्यालाच सूट मिळते, खरी गरज कुणाला होती ते बाजूलाच राहतं. वर्गात पुढच्या तासाला उत्तरांवर चर्चा होणार असेल तर ती एक असाईनमेंट यातून वगळा, हेही सरळ सांगा.

तपासताना नावं झाका. आणि एका विद्यार्थ्याची अख्खी उत्तरपत्रिका तपासण्याऐवजी सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग सगळ्यांचा दुसरा असं करा, म्हणजे पहिल्या उत्तराने झालेलं चांगलं-वाईट मत पुढच्या उत्तरांना चिकटत नाही.

एखादा विद्यार्थी येऊन सांगतो तेव्हा

आधी सगळी तयारी केली तरी काही जणांना वेगळी सोय लागणारच. सांकेतिक भाषेचा दुभाषी, ब्रेल, लेखनिक, स्वतंत्र शांत खोली. शिकण्याच्या सार्वत्रिक रचनेचा विचार, म्हणजे यूडीएल, ज्यात शिकवणं पहिल्यापासूनच सगळ्यांना जमेल असं आखायचं असतं, हा मुळात इमारतींच्या क्षेत्रातून आलेला आहे. तिथे रोनाल्ड मेस या वास्तुविशारदाने सार्वत्रिक रचना ही कल्पना मांडली, तो स्वतः व्हीलचेअर वापरायचा. पण उत्तम रचनेच्या इमारतीतही कुणाला तरी हाताला धरून न्यावं लागतं, आणि ते करायला नकार द्यायला रचना हे कारण होऊ शकत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांबाबतच्या कराराचं २४ वं कलम शिक्षणाबद्दल आहे आणि त्यात उच्च शिक्षणातही वाजवी सोय करून देण्याची जबाबदारी करार स्वीकारलेल्या देशांवर टाकलेली आहे. म्हणजे हा मेहेरबानीचा विषय नाही.

सहकाऱ्यांना नेमकी वाक्यं द्या, कारण अशा वेळी चांगल्या माणसालाही काय बोलावं सुचत नाही. "तुला नक्की काय झालंय" असं विचारायचं नाही, आजार कुठला हे जाणून घेणं आपलं काम नाही. विचारायचं ते असं: "आत्तापर्यंत कुठल्या गोष्टीने सोपं गेलं? माझ्या तासात कशाने अडतं? परीक्षेत काय लागेल?" जे ठरेल ते त्याच दिवशी दोन ओळींच्या मेलमधे लिहून पाठवायचं, म्हणजे त्याला दर चाचणीआधी परत आठवण करून द्यायला यावं लागणार नाही. आणि वर्गात "आपल्या अमुकला जादा वेळ आहे बरं का" असं कधीही, अगदी प्रेमानेसुद्धा, म्हणायचं नाही.

बदल टिकतो कशाने

टर्मच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नाव न लिहिता दोन प्रश्नांची चिठ्ठी घ्यायला लावा: शिकायला कशाची मदत होतेय, कशाने अडतंय. शेवटी घेतलेल्या फीडबॅकचा त्या मुलांना काहीच उपयोग नसतो, ती निघून गेलेली असतात. पुढच्या तासाला सांगायचं की यातलं हे बदलतोय, हे बदलता येणार नाही आणि का. हे उत्तर दिलं नाही तर पुढच्या वेळी चिठ्ठ्या कोऱ्या येतात.

निकालाकडे बघताना वर्गाची सरासरी बाजूला ठेवा. पहिल्या चाचणीत खाली राहिलेले कोण आहेत, त्यातले किती जण दुसरीत वर आले, कोण यायचंच बंद झालं, हे नावानिशी बघा, आणि जे गायब झालेत त्यांना पहिल्याच महिन्यात साधा मेसेज जाऊ दे, "दोन तास दिसला नाहीस, सगळं ठीक ना, काय राहिलंय ते मी सांगते." हा मेसेज शिक्षकाकडूनच जायला हवा, ऑफिसकडून गेला की ती हजेरीची नोटीस होते.

आणि शेवटचं काम विभागप्रमुखांकडे. फायली दुरुस्त करणं, कॅप्शन तपासणं, असाईनमेंट परत लिहिणं याला वेळ लागतो आणि बहुतेक ठिकाणी तो तरुण आणि तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या शिक्षकांच्या स्वतःच्या वेळातून जातो, तेही ज्यांना आधीच सगळ्यात कमी मिळतं त्यांच्या. त्यामुळे हे काम कामाच्या तासांत धरलं जावं, प्रत्येक विषयाची दुरुस्त झालेली फाईल डिपार्टमेंटच्या सामायिक फोल्डरमधे राहावी म्हणजे शिक्षक बदलला तरी परत पहिल्यापासून सुरुवात नको, आणि नवीन पुस्तक किंवा सॉफ्टवेअर घेण्याआधी ते स्क्रीन रीडरवर चालतं का हे विकणाऱ्याला लेखी विचारलं जावं, या तीन गोष्टी लिहून द्या आणि पुढच्या मीटिंगच्या विषयपत्रिकेत घालून घ्या.